मेजरसाहेब आणि मेजरबाईंची बदली : मंडळीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या, जवळजवळ प्रत्येक मंडळीत (चर्चमध्ये) एकच कुजबुज सुरू होते : "आपल्या मेजरांचं काही कळलं का?" माझे आईपप्पा दोघंही मुक्तिफौजेचे अधिकारी, म्हणजे पाळक. आमच्याकडे पाळकांना फौजेसारखे हुद्दे असतात, मेजर आणि कॅप्टन हे त्यातलेच. बदल्या मी आधी टेम्पोत सामानाच्या मधोमध बसून पाहिल्या. आता मंडळीची खजिनदार म्हणून किल्ल्या मोजून घेते, तेव्हा तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहते. गेल्या काही वर्षांत लोकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. भर मुख्यतः वयाने आणि सेवेने ज्येष्ठ असलेल्या दांपत्यांवर आहे, कारण त्यांची बदली तरुण कॅप्टनच्या बदलीसारखी नसते.

बदली कोण ठरवतं? मंडळीला विचारतात का?

नाही विचारत. काही चर्चांमध्ये मंडळी पाळक निवडते किंवा निदान होकार देते. मुक्तिफौजेत तसं नाही. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत हे काम सुरू केलं. १८७८ मध्ये त्याला 'साल्वेशन आर्मी' हे नाव मिळालं आणि नावाबरोबर फौजेची रचनाही आली. नेमणूक वरून येते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गुजरात मिळून पश्चिम भारताचा प्रांत आहे, त्याचं हेडक्वार्टर मुंबईत भायखळ्याला. निर्णय तिथे होतो आणि डिव्हिजनल कमांडर, म्हणजे विभागाचे प्रमुख, तो दांपत्याला कळवतात.

सह्यांचं निवेदन घेऊन मुंबईला जावं का, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. प्रेमापोटी विचारतात हे मला कळतं, पण माझं उत्तर नाही असंच आहे. अशा निवेदनाने बदली क्वचितच थांबते. जाणाऱ्यांची मात्र अडचण होते, कारण वर असं वाटू शकतं की यांनीच लोकांना उठवलं.

किती वर्षांनी बदली होते?

ठरलेला आकडा नाही. दोन वर्षांत होते, सात वर्षांतही होते.

हुकूम आल्यावर किती दिवस मिळतात?

मुलांच्या परीक्षा झाल्यावर आणि शाळा उघडायच्या आत बदल्या उरकायचा प्रयत्न असतो. आमच्या घरी कधी महिनाभर मिळाला, एकदा फक्त बारा दिवस मिळाले. त्या बारा दिवसांत आईने होम लीगच्या, म्हणजे मंडळीतल्या महिला गटाच्या, प्रत्येक बाईच्या घरी जाऊन निरोप घेतला. सामान बांधायचं काम आम्ही भावंडांनी केलं, म्हणूनच पुढे दोन महिने कुकरची शिट्टी सापडली नाही.

मेजरबाई फक्त साहेबांबरोबर जातात, की त्यांचीही बदली होते?

त्यांचीही होते, आणि हे मंडळीने नीट समजून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं. मेजरबाई म्हणजे 'मेजरांची बायको' नव्हे. त्यांनीही ट्रेनिंग कॉलेजात कॅडेट म्हणून शिक्षण घेतलेलं असतं, झेंड्याखाली उभं राहून शपथ घेतलेली असते. त्यांचा हुद्दा त्यांचा स्वतःचा असतो, नेमणूकही असते. त्या व्यासपीठावरून संदेश, म्हणजे प्रवचन, देतात, अंत्यविधी चालवतात. कॅथरीन बूथ स्वतः उपदेश करायच्या आणि स्त्रियांना तो हक्क आहे असं ठामपणे मांडायच्या, तेव्हापासून हे चालत आलं आहे.

भारताशी जोडलेलं उदाहरण सांगते. मुक्तिफौज भारतात आली १९ सप्टेंबर १८८२ ला, मुंबई बंदरात, आणि आली फक्त चार माणसं. त्यांचे प्रमुख फ्रेडरिक टकर. त्यांचा जन्म मुंगेरचा, आज ते बिहारमध्ये आहे. सरकारी सनदी नोकरी सोडून ते या कामात आले होते. चौघांमध्ये एक स्त्री होती. पुढे विधुर झालेल्या टकरांनी १८८८ मध्ये विल्यम बूथ यांची मुलगी एमा हिच्याशी लग्न केलं आणि स्वतःच्या नावाला तिचं नाव जोडून ते बूथ-टकर झाले. लग्नानंतर बायकोचं नाव लावणारा साहेब, तोही १८८८ मध्ये! दोघांनी मिळून भारताचं काम पाहिलं. एमाची तब्येत ढासळली म्हणून त्यांना लंडनला जावं लागलं, आणि १८९६ मध्ये दोघांची अमेरिकेत बदली झाली. तिथे प्रमुख म्हणून ते दोघंही होते.

म्हणून निरोपाच्या सभेत साहेबांना शाल आणि बाईंना नुसतं फूल, असं करू नका. भाषणात दोघांच्या कामाचा वेगवेगळा उल्लेख करा. माझ्या आईने वीस वर्षांत किती बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं, हे एकाही निरोपाच्या भाषणात मी ऐकलं नाही. ती खंत मला अजून आहे.

साठीकडे आलेल्या माणसांना कशाला हलवतात? एका जागी राहू द्यावं की.

'मेजर' हा हुद्दाच साधारण १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. म्हणजे तुमच्याकडे मेजर दांपत्य आहे याचा अर्थ त्यांच्या गाठीशी बरंच काही आहे. असे लोक अवघड जागी लागतात. कुठे मंडळीत फूट पडलेली असते, कुठे इस्पितळाला धीर देणारा माणूस हवा असतो, कुठे ट्रेनिंग कॉलेजात नव्या कॅडेटना शिकवायचं असतं, तर कुठे डिव्हिजन ऑफिसात जबाबदारी असते. अहिल्यानगरला बूथ हॉस्पिटल आहे. एमाची बहीण इव्हँजेलिन बूथ मुक्तिफौजेची पहिली स्त्री जनरल, म्हणजे जागतिक प्रमुख, होती, तिचं नाव त्या इस्पितळाला आहे. अशा ठिकाणी रात्री दोन वाजता एखाद्याच्या नातेवाइकाजवळ बसायला पंचविशीतला लेफ्टनंट कमी पडतो. तिथे पांढरे केस उपयोगी पडतात.

बूथ-टकरांचंच पुढचं ऐका. १९०३ मध्ये एमा अमेरिकेत रेल्वे अपघातात गेली. १९०७ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, फ्रेडरिक पुन्हा भारतात आले, एमानंतरच्या पत्नी मिनी यांच्यासोबत, आणि १९१९ पर्यंत राहिले. पहिल्या वेळेइतकंच मोठं काम त्यांनी या उतारवयातल्या फेरीत केलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही मी लपवत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं तर त्रास होतोच. ते मंडळीने पाहावं आणि डिव्हिजनला स्पष्ट कळवावं. हे निवेदन योग्य आहे, ते जरूर द्या.

त्यांना नाही म्हणता येत नाही का?

अधिकारी होताना ते करारावर सही करतात, आणि जिथे पाठवतील तिथे जाऊ हा त्याचा गाभा आहे. त्यांना मिळतो तो भत्ता. नेहमीच्या अर्थाने ती नोकरी नाही. तरीही आपली अडचण मांडायची मुभा असते : अंथरुणाला खिळलेली आई, स्वतःचा चालू असलेला उपचार, मुलाचं बारावीचं वर्ष. ऐकलं जातं, कधी बदल होतो, कधी होत नाही. पप्पांनी एकदाच पत्र लिहिलं होतं, आजीसाठी. हुकूम सहा महिने पुढे ढकलला गेला. ते पत्र लिहायला त्यांना तीन रात्री लागल्या, कारण मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुमच्या मेजरांनी काही मागितलं असेल तर ते फार विचार करून मागितलं आहे, असं समजा.

क्वार्टरमधलं काय नेता येतं, काय ठेवायचं?

क्वार्टर मुक्तिफौजेचं असतं, आणि पलंग, कपाट, टेबल, खुर्च्या असं मोठं सामान बहुधा क्वार्टरचंच असतं. त्याची यादी असते. जाताना ती यादी आणि वस्तू ताडून पाहायच्या, मोडलेलं मोडलेलं म्हणून लिहायचं. स्वतःचं म्हणजे कपडे, भांडी, पुस्तकं, शिलाई मशीन, पेटी.

आमच्याकडे एक हिरवी लोखंडी पेटी होती. प्रत्येक बदलीला पप्पा झाकणावर नव्या गावाचं नाव पांढऱ्या रंगाने लिहायचे आणि जुन्यावर हिरवा हात मारायचे. रंग दर वेळी थोडा वेगळा यायचा. त्यामुळे उन्हात पेटी तिरकी धरली की खालची नावं उठून दिसायची, एकाखाली एक. त्या पेटीत आईचं एकच खासगी सामान असायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कढीपत्त्याचं रोप, मुळांना ओली माती लावलेलं. क्वार्टरच्या अंगणातली झाडं तिथेच राहतात, पण फांदी न्यायला कुणाची हरकत नसते.

व्यवहाराचं एक सांगते. मंडळीतल्या कुणी क्वार्टरला पंखा, फ्रिज किंवा मिक्सर दिला असेल, तर तो मेजरांना व्यक्तिशः दिला की क्वार्टरला, हे देतानाच लिहून ठेवा. बदलीच्या दिवशी दारात उभं राहून यावर वाद झालेले मी पाहिले आहेत. त्या वेळी जाणाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

'ब्रीफ' म्हणजे काय? त्यात आमच्याबद्दल लिहितात का?

जाणारा अधिकारी येणाऱ्यासाठी जे टिपण लिहून ठेवतो त्याला ब्रीफ म्हणतात. येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची भेट बऱ्याचदा होतच नाही. एक टेम्पो सकाळी निघतो, दुसरा संध्याकाळी येतो. मधला पूल म्हणजे हे कागद.

त्यात काय असतं? सैनिकांची, म्हणजे शपथ घेतलेल्या सभासदांची यादी, बालसैनिकांची यादी, होम लीगच्या बायका, अंथरुणावर असलेली माणसं, शपथ घ्यायच्या तयारीत असलेले तरुण. हॉलच्या जागेचे कागद कुठे आहेत, विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं, छप्पर कुठे गळतं, पावसाळ्यात मागच्या दाराला पाणी येतं का, वाड्यावस्त्यांवर कोणत्या वारी सभा असते आणि तिथे जाणारी शेवटची एसटी कितीची, हेही असतं.

आईच्या ब्रीफमध्ये एक वेगळं पान असायचं. त्यावर फक्त भेटींबद्दल लिहिलेलं असे. "पाटलांच्या वाड्यामागे राहणाऱ्या आजींना ऐकू कमी येतं, दार वाजवू नका, खिडकीशी जा." "या घरी दुपारी जाऊ नका, बाई रात्रपाळी करून झोपलेल्या असतात." "यांचा मुलगा गेला त्याला वर्ष होईल, तो महिना लक्षात ठेवा." नव्या माणसाला याहून मोठी मदत दुसरी नाही, असं मी आजही मानते.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, लोकांबद्दल लिहितात. पण ज्येष्ठ अधिकारी बहुधा सांभाळून लिहितात. "अमुक माणूस कटकटी आहे" ही एक ओळ लिहिली की त्या माणसाला पुढची पाच वर्षं नव्या डोळ्यांनी कुणी पाहत नाही. पप्पा म्हणायचे, भांडण लिहायचंच असेल तर भांडणाचं कारण लिहावं, माणसाचं नाव नाही.

हिशेबाचं कसं करायचं?

खजिनदार आणि सचिव हे मंडळीतलेच स्थानिक अधिकारी असतात, त्यामुळे बदली झाली तरी हिशेब गावातच राहतो. कॅशबुक त्या तारखेपर्यंत लिहून, बँकेच्या पासबुकाशी जुळवून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सेल्फ डिनायलची, म्हणजे स्वतःचा खर्च आवरून दिलेली, वर्गणी ही १८८६ पासून जगभर चालत आलेली वेगळी रक्कम आहे, ती रोजच्या खर्चात मिसळू देऊ नका. हंगामाच्या सणाची (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण) जमाही वेगळी दाखवा. बँकेतल्या सह्या बदलायला वेळ लागतो, तेव्हा त्या काळातले विजेचे आणि पाण्याचे पैसे आधीच भरून ठेवा.

निरोपाची सभा कशी असावी? भेट काय द्यावी?

साधी असावी. पेटी, ढोलकी, टाळ, दोन-तीन भजनं, साक्षी (लोकांनी सांगितलेले विश्वासाचे अनुभव), दोघांचे संदेश आणि शेवटी कृपासनापाशी प्रार्थना. कृपासन म्हणजे हॉलच्या पुढच्या बाजूचा तो बाक, जिथे कुणीही येऊन गुडघे टेकतं. दोघं तिथे गुडघ्यावर, मंडळीतली वडीलधारी माणसं भोवती, लाल-निळा-पिवळा झेंडा वर धरलेला. लांबलचक भाषणांपेक्षा तो क्षण लक्षात राहतो. भाषणांना वेळेची मर्यादा घाला, नाहीतर जेवण गार होतं आणि लांबून आलेल्यांची गाडी चुकते.

भेटीचं म्हणाल तर काचेच्या फोटोफ्रेम आणि भिंतीवरची घड्याळं पुरे झाली. आमच्या घरी एका वेळी नऊ घड्याळं होती. नव्या क्वार्टरला भिंती तेवढ्याच असतात. त्यापेक्षा मंडळीतल्या सगळ्यांनी सह्या केलेलं बायबल द्या, हलकी गोधडी द्या, प्रवासाचा डबा द्या. पैसे द्यायचे असतील तर मंडळीच्या वतीने, नोंद करून, उघडपणे द्या.

गुजरातकडे बदली झाली तर भाषेचं काय?

आपल्या प्रांतात मराठी आणि गुजराती दोन्ही मंडळ्या आहेत, म्हणून हा प्रश्न खरा आहे. मराठी दांपत्य आणंदला किंवा त्याच्या आसपास गेलं, की पहिले काही महिने संदेश हिंदीत द्यावा लागतो किंवा दुभाषी लागतो. मेजरबाईंना तिथे 'बेन' म्हणतात, आणि त्या हाकेला वळून बघायची सवय व्हायला आठवडे लागतात. लिपी बरीच ओळखीची वाटते, डोक्यावरची रेघ तेवढी नसते, त्यामुळे वाचन लवकर येतं. बोलणं बाजारात येतं.

साठीला नवी भाषा शिकणं जड जातं, हे मान्य. पण पहिल्या चौघांनाही ते चुकलं नव्हतं. टकरांनी इथला पोशाख घेतला, फकीर सिंग हे नाव घेतलं, आणि मुंबईच्या रस्त्यांवर मिरवणूक काढली म्हणून तुरुंगातही गेले.

ज्येष्ठ दांपत्यासाठी निघताना वेगळी काय काळजी घ्यावी?

औषधं. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या निदान महिनाभराच्या बरोबर हव्यात, आणि त्या टेम्पोत नाही, हातातल्या पिशवीत. डॉक्टरांची फाइल, चष्म्याचा नंबर, जुने ईसीजी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. आधारवरचा पत्ता, गॅसचं कनेक्शन, बँकेची शाखा या तीन गोष्टींसाठी मंडळीतल्या एखाद्या तरुणाने नव्या गावातल्या तरुणाशी बोलून घ्यावं. ज्येष्ठ माणसं ओटीपीसाठी दुसऱ्याला फोन करायला संकोचतात आणि काम महिनोन्महिने अडून राहतं. सामान चढवायला चार जण जा, आणि मेजरसाहेबांना कपाटाला हात लावू देऊ नका, ते कितीही म्हणाले तरी.

त्यांच्या मुलांचं काय?

मुलं बहुधा मोठी झालेली असतात, नोकरीला लागलेली. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : सुट्टीत 'घरी' जायचं तर कुठे? आईपप्पा असतील ते घर, एवढंच उत्तर असतं. शाळकरी मुलं असतील तर दाखल्याचं काम आधी करा. सातवीत असताना मला एका शाळेने वर्ष मध्यावर आहे म्हणून दोन महिने दारात उभं केलं होतं. तेव्हा मंडळीतल्या एका निवृत्त गुरुजींनी मला त्यांच्या ओसरीवर गणित शिकवलं.

निवृत्तीनंतर ते कुठे राहतात?

क्वार्टर सोडावं लागतं. आयुष्यभर स्वतःचं घर नसतं, आणि मग एका दिवशी ते लागतं. शेवटच्या बदलीच्या वेळी बऱ्याच ज्येष्ठ दांपत्यांच्या मनात हाच विचार असतो, ते बोलत नाहीत इतकंच. एखाद्याच्या मूळ गावी वडिलोपार्जित खोली असते, कुणी मुलांकडे जातं, कुणी शेवटच्या मंडळीजवळच भाड्याने राहतं. तुमच्या ओळखीत तळमजल्यावरची, परवडणारी जागा असेल तर आपणहून सांगा. आमची हिरवी पेटी आता भावाच्या घरी गॅलरीत आहे, तिच्यात बाजरी ठेवतात. शेवटच्या नावावर हिरवा हात मारायची वेळ आली नाही.

गेल्यानंतर त्यांना फोन करावा का? लग्नाला, अंत्यविधीला बोलवावं का?

खुशाली विचारायला जरूर करा, पहिल्या महिन्यात तर नक्की करा. नव्या गावात पहिला महिना फार शांत असतो, फोन वाजला की बरं वाटतं. पण मंडळीतल्या कुरबुरी सांगायला करू नका. त्यांना काही करता येत नाही आणि झोप मात्र जाते.

लग्न किंवा अंत्यविधी त्यांच्या हातून व्हावा असं वाटत असेल, तर आधी नव्या अधिकाऱ्यांना सांगा आणि त्यांच्याकडूनच निमंत्रण जाऊ द्या. जाणते मेजर तसंही विचारतातच, "तिथल्या कॅप्टनना माहीत आहे ना?"

नवे येणार त्या दिवशी मंडळीने काय करावं?

पाणी भरून ठेवा. घर झाडून, पुसून, दिवे लागतात का बघा. दूध, चहा-साखर, तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेटी ठेवा. रात्रीचं जेवण एका घरातून न्या, आणि दहा घरांतून माणसं बघायला जाऊ नका. प्रवासाने अंग मोडलेलं असतं, त्यांना आंघोळ करून पाठ टेकायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी खजिनदाराने किल्ल्या, सचिवाने याद्या आणि होम लीगच्या एखाद्या बाईने भाजीवाल्याचा, दूधवाल्याचा आणि डॉक्टरांचा नंबर द्यावा.

आम्हाला जुन्यांची फार सवय झाली आहे. नव्यांशी जमेल का?

तुलना होणारच, पहिले काही आठवडे ती मनातच ठेवा. "आधीचे मेजर असं करायचे" हे वाक्य नव्या माणसाला रोज चार जणांकडून ऐकावं लागतं. आणि पहिल्या रविवारी मागे भिंतीला टेकून बसू नका, तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा. ते त्या दिवशी कुणालाच ओळखत नसतात, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला त्याच जागेवर शोधतात.